मिरी लावू की अळू? नारळ-सुपारीच्या वाडीत दोघांना काय लागतं?

तुम्ही विचारलंय की नारळ-सुपारीची जुनी वाडी आहे, झाडांखाली सावली नि ओल आहे, तर तिथे काळी मिरी लावावी की अळू, आणि दोन्हींपैकी जास्त उपयोगाचं काय. मला विचाराल तर वाडीत पावसाळ्यात एकदा फिरून या. जिथे पाणी साचतं तिथे अळू लावा आणि जिथून पाणी वाहून जातं तिथे मिरी. निवड तुमच्यापेक्षा जमिनीच्या उताराने करायची आहे.

वरवर दोघांच्या गरजा सारख्याच दिसतात. दोघांना दमट हवा, विरळ सावली आणि पालापाचोळा कुजून झालेली भुसभुशीत माती आवडते. म्हणूनच कोकणातल्या बहुतेक जुन्या आगरांत दोन्ही सापडतात. फरक आहे तो मुळांशी. मिरी मूळची सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या जंगलातली, दुसऱ्या झाडाला धरून चढणारी वेल. तिला वरून भरपूर पाऊस हवा, पण बुंध्याशी पाणी थांबलेलं अजिबात चालत नाही. अळूचं नेमकं उलटं. विहिरीजवळचा ओघळ, न्हाणीघराचं सांडपाणी, माडाच्या आळ्यातून पाझरणारा पाट, अशा जागी ते माजतं. चिखलातही त्याचे कंद कुजत नाहीत. उन्हाळ्यात पाणी तोडलंत तर मात्र पानं बारीक होतात, आणि खाल्ल्यावर घशाला खाजतात तीही जास्त.

मिरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण चुकायला वाव तिथेच आहे. वेल चढवायला पोफळ, म्हणजे सुपारीचं झाड, उत्तम. खोड सरळ आणि सावली विरळ. मात्र पोफळ आठ-दहा वर्षांची तरी झालेली असावी, कोवळ्या झाडाची वाढ वेल दाबते. बुंध्यापासून हातभर अंतर सोडून, शक्यतो उत्तरेच्या बाजूला खड्डा घ्या, म्हणजे दुपारचं ऊन कोवळ्या रोपाला लागत नाही. माडाची मुळं बुंध्याशी दाट असतात, म्हणून तिथे अंतर मीटरभर ठेवून वेल खोडाकडे वळवावी लागते. शिवाय माडावर वेल फार उंच जाऊ दिली, तर नारळ पाडणाऱ्या गड्याला चढता येत नाही आणि तो पहिल्यांदा कोयता तुमच्या वेलीवरच चालवतो. आधाराला झाडच नसेल तर पांगारा किंवा गिरीपुष्पाचे खुंट आधी लावून घ्या.

रोपं विकत घेताना ती कोणत्या फांदीपासून केलीत ते नक्की विचारा. बुंध्यातून जमिनीवर पसरणाऱ्या धावत्या फांद्यांची रोपं वर चढतात. घोस लागणाऱ्या आडव्या फांदीपासून केलेलं रोप चढतच नाही, त्याचं झुडूप होतं. वाणांत पन्नियूर-१ सगळीकडे मिळतो. केरळातल्या पन्नियूरच्या संशोधन केंद्राने काढलेला हा संकरित वाण. घोस लांब, दाणे टपोरे, पण त्याला उजेड लागतो. वाडी गच्च काळोखी असेल तर तो पानंच देत बसतो. अशा जागी करीमुंडा बरा, तो सावली जास्त सोसतो.

पावसाच्या सुरुवातीला लावलेली वेल साधारण तिसऱ्या वर्षी पहिले घोस दाखवते आणि सातव्या-आठव्या वर्षी पुऱ्या भरात येते. पहिल्या पावसाबरोबर फुलोरा येतो. मध्येच पावसाने मोठी ओढ दिली तर कोवळे घोस गळतात, त्याला इलाज नाही. डिसेंबरपासून मार्चपर्यंत तोडणी. घोसातला एखाद-दुसरा दाणा लाल-नारिंगी झाला की पूर्ण घोस काढायचा. दाणे सोडवून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवले की रंग एकसारखा काळाभोर येतो आणि वाळायला वेळही कमी लागतो. ओली मिरी वाळून साधारण तिसरा हिस्सा उरते, म्हणजे तीन किलोची एक किलो, हे गणित आधीच डोक्यात ठेवा. पांढरी मिरी म्हणजे वेगळं झाड नव्हे. पिकलेले दाणे आठवडाभर पाण्यात भिजवून साल काढून टाकली की तीच पांढरी मिरी.

आता अळू. यात शिकण्यासारखं फार काही नाही. मे अखेर ते जूनमध्ये लहान कंद वीत-दीड वीत अंतरावर पुरा, शेणखत टाका, मातीची भर द्या. दीड-दोन महिन्यांत पानं खुडायला येतात. कंदांसाठी लावलं असेल, तर पाच-सहा महिन्यांनी पानं पिवळी पडून माना टाकू लागली की खणायचं. वडीला काळ्या देठाचं अळू आणि पातळ भाजीला हिरवं, हा आमच्याकडचा रिवाज. बाजारातही दोन्ही वेगळं मागितलं जातं, तेव्हा दोन्ही लावा.

उपयोगाच्या बाबतीत मात्र अळूपुढे मिरी फिकी पडते असं माझं मत आहे, भाव काही का असेना. मिरीचा दाणाच तेवढा कामाचा. तो मसाल्यात, साराला, काढ्यात जातो, सुंठ आणि पिंपळीसोबत त्रिकटू चूर्णात जातो. मिरची पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली, त्याआधी स्वयंपाकातला तिखटपणा या मिरी-पिंपळीचाच होता. अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात अजूनही मिरचीऐवजी मिरी वापरतात. अळूचं मात्र मुळापासून पानापर्यंत सगळं पोटात जातं. पानांची वडी, दाणे आणि हरभऱ्याची डाळ घातलेलं फदफदं, देठांची दह्यातली देठी, कंदांच्या अळकुड्या उकडून किंवा तळून. ऋषिपंचमीची भाजी तर अळूशिवाय होतच नाही.

खाजेचं कारण म्हणजे पानांत आणि कंदांत असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवायची पद्धत त्यासाठीच आहे. चिरताना हाताला तेल लावा. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अळू वारंवार करू नका.

रोगाच्या बाबतीत एक गंमत आहे. मिरीची वेल पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांत उभी वाळते आणि अळूच्या पानांवर गोल तपकिरी चट्टे पडून ती सडतात. दोन्हींमागे फायटोफ्थोरा याच कुळातल्या बुरशा आहेत, फक्त जाती वेगळ्या. अळूवरच्या जातीने १९९३ साली सामोआ बेटांवर अळूचं पीकच जवळजवळ झोपवलं होतं. आपल्याकडे अळूचं एवढं मनावर घ्यायचं कारण नाही. रोगट पानं काढून जाळा, नवी येतात. मिरीची वेल गेली की मात्र सात वर्षं गेली. म्हणून पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, आणि ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली की पुन्हा एकदा. बुंध्याशी शेणखतातून ट्रायकोडर्मा (रोगाला आळा घालणारी उपयोगी बुरशी) द्या, पण बोर्डो आणि तो एकाच वेळी नको, मोरचुदाने तो मरतो.

दोन्ही एकत्र लावायला हरकत नाही, पण मिरीच्या बुंध्याजवळ कंदाचं अळू नको. मिरीची मुळं अगदी वरच्या थरात असतात. कंद काढायला कुदळ मारलीत की ती तुटतात आणि जखमेतून बुरशी आत शिरते. पानांचं अळू पाटाच्या कडेने, वेलीपासून चांगलं लांब ठेवा.

पैशांचं म्हणाल तर मिरी किलोला शेकड्यांत जाते, नीट वाळवून कोरड्या जागी ठेवली तर वर्षभर थांबून भाव पाहून विकता येते. पण चांगली जोपासलेली एक वेल वर्षाला किलोभर वाळलेली मिरी देईल, फार तर थोडी जास्त. अळूची जुडी स्वस्त, आणि ती सकाळी खुडून दुपारपर्यंत बाजारात गेलीच पाहिजे. गणपतीच्या आसपास ती हातोहात खपते, एरवी गिऱ्हाईक शोधावं लागतं. दहा-बारा पोफळी असतील तर मी सगळ्यांवर मिरी चढवेन आणि ती धरेपर्यंतची तीन वर्षं अळूवर हातखर्च काढेन.

जिल्हा तुम्ही लिहिलेला नाही. हे सगळं कोकण-गोवा धरून सांगितलं. घाटावर असाल तर उन्हाळ्यातला कोरडा, गरम वारा मिरीच्या वेलीला मानवत नाही. तिथे मोरीच्या पाण्यावर अळू करा आणि हौस असेल तर आडव्या फांदीपासून केलेलं झुडूप-मिरीचं एखादं रोप मोठ्या कुंडीत, भिंतीच्या सावलीला ठेवा. कुंडीला खाली भोक आहे ना ते आधी बघा.