यकृतातली चरबी, रसायनं आणि अँटिऑक्सिडंट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यकृतासाठी म्हणून घेतलेल्या कॅप्सूलच्या माहितीपत्रकात ‘कार्बन टेट्राक्लोराइड दिलेल्या उंदरांमध्ये यकृतात चरबी साचणं रोखते’ असं छापलंय. याचा मला काय उपयोग?

फार थोडा. का ते नीट सांगतो, कारण बाजारातले असे बरेच दावे याच प्रयोगावर उभे असतात.

कार्बन टेट्राक्लोराइड एकेकाळी ड्राय क्लीनिंगमध्ये आणि आग विझवण्याच्या उपकरणांत वापरलं जाई. १९२०च्या दशकात तर ते जंतांवरचं औषध म्हणूनही देत. यकृताचे अभ्यासक आज ते उंदराचं यकृत मुद्दाम बिघडवायला वापरतात. त्याचा खरा घात होतो तो यकृतात गेल्यावर. तिथलं सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम त्याच्यापासून ट्रायक्लोरोमिथाइल हे फ्री रॅडिकल, म्हणजे जवळच्या रेणूंवर तुटून पडणारा अस्थिर रेणू, तयार करतं आणि पुढे नुकसान दोन वाटांनी होतं. एक, हे रॅडिकल पेशीतल्या प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना थेट चिकटतं. दोन, ते ऑक्सिजनशी संयोग पावून आणखी आक्रमक होतं आणि पेशीच्या पटलांमधल्या स्निग्धाम्लांचं ऑक्सिडीकरण सुरू करतं. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो.

चरबी का साचते? यकृत एरवीही चरबी तयार करतं, पण ती प्रथिनांच्या वेष्टनात बांधून रक्तात पाठवून देतं. हे बांधणीचं काम पेशीच्या ज्या जाळीदार भागात चालतं, तिथेच हे रॅडिकल जन्माला येतं. बांधणी बंद पडते. गोदामात माल येत राहावा आणि गाडी एकही सुटू नये, तशी गत होते. विष दिल्यावर काही तासांतच चरबी वाढू लागते.

यकृताचा पातळ काप काचपट्टीवर (स्लाइडवर) घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की हे स्पष्ट दिसतं. मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशींत, म्हणजे जिथे ते एन्झाइम सर्वांत जास्त असतं तिथे, गोल पांढऱ्या पोकळ्या दिसतात. नेहमीच्या पद्धतीने स्लाइड करताना अल्कोहोल आणि झायलीनमध्ये चरबी विरघळून जाते, तिची रिकामी जागा तेवढी उरते. तोच तुकडा गोठवून कापला आणि ऑइल रेड ओ हा रंग दिला, की त्याच जागी लालभडक थेंब दिसतात.

आता अँटिऑक्सिडंट, म्हणजे असं ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं. व्हिटॅमिन ई दुसऱ्या वाटेवरची साखळी तोडतं, हे पक्कं आहे. पहिल्या वाटेवर, म्हणजे थेट चिकटण्यावर, त्याचा तसा इलाज नाही आणि चरबी अडकून पडण्यात त्या वाटेचा मोठा वाटा आहे. म्हणून ऑक्सिडीकरण घटलं तरी चरबी त्याच प्रमाणात घटेल असं नसतं. शिवाय अशा प्रयोगांत औषध बहुधा विषाच्या आधीपासून दिलेलं असतं. आणखी एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते : काही वनस्पतिजन्य द्रव्यं ते एन्झाइमच थोपवतात. मग उंदरात विष तयारच होत नाही. यकृत वाचतं, पण त्याचं श्रेय अँटिऑक्सिडंट गुणाला देणं चूक. तुमच्या यकृतातली चरबी वजन किंवा मधुमेहामुळे असेल, तर हा सगळा प्रयोग तुमच्या आजाराचा नाहीच.

प्रश्न : माझं काम सॉल्व्हंटमध्ये (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या रसायनांत) आहे. रोज व्हिटॅमिन सी आणि ई घेतलं तर यकृत सुरक्षित राहील का?

कृपा करून गोळ्यांवर विसंबून राहू नका. वाफ बाहेर खेचणारी व्यवस्था, झाकलेली भांडी आणि त्या विशिष्ट रसायनाला टिकणारे हातमोजे, हे खरं संरक्षण. डायमिथाइल फॉर्मामाइडसारखी सॉल्व्हंट त्वचेतूनही आत जातात, तेव्हा फक्त मास्क लावून भागत नाही. दारू घेत असाल तर ती थांबवा. नेहमीच्या दारूने तेच सीवायपी२ई१ एन्झाइम वाढतं आणि कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या रसायनाच्या तेवढ्याच वाफेतून यकृत जास्त विष तयार करतं.

रक्ततपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्तही होऊ नका. व्हिनाइल क्लोराइड हाताळणाऱ्या, लठ्ठ नसलेल्या कामगारांच्या यकृतात चरबी आणि दाह आढळल्याचं संशोधन २०१० साली प्रसिद्ध झालं. त्यांच्या रक्तातले एसजीपीटीसारखे, यकृताची हानी दाखवणारे आकडे मात्र नॉर्मल होते. डॉक्टरांकडे जाताना रसायनाचं नाव असलेलं सुरक्षा माहितीपत्रक सोबत न्या. नुसतं ‘केमिकलमध्ये काम करतो’ एवढ्यावरून त्यांना काही ठरवता येत नाही.

प्रश्न : मग फॅटी लिव्हरला व्हिटॅमिन ई देतात ते का?

कारण तिथे माणसांवरचा पुरावा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मधुमेह नसलेल्या, पण यकृतात चरबीसोबत दाह असलेल्या प्रौढांना रोज ८०० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई ९६ आठवडे दिलं. ४३ टक्के रुग्णांच्या यकृताच्या तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात सुधारणा दिसली. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत १९ टक्के. फायब्रोसिस, म्हणजे यकृतातले व्रणासारखे कडक तंतू, मात्र लक्षणीयरीत्या कमी झाला नाही. दुसरीकडे, निरोगी पुरुषांना रोज ४०० आययू दिलेल्या एका मोठ्या चाचणीत प्रोस्टेट कर्करोगाचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त निघालं. त्यामुळे हे औषध डॉक्टरांनी निदान करून द्यायचं, आपल्या मनाने सुरू करायचं नाही.

प्रश्न : ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या तरी निर्धोक ना?

नाही. कपातला चहा वेगळा, अर्क वेगळा. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं, तर रक्तात यकृताची एन्झाइम वाढू शकतात, म्हणजे यकृताला इजा होत असल्याची खूण दिसू शकते, असं युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

प्रश्न : मुलाला फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट सुरू आहे. सोनोग्राफीत यकृतात चरबी निघाली. अँटिऑक्सिडंट द्यावं का?

औषध अचानक बंद करू नका, फिट्स उसळतात. सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन न्यूरॉलॉजिस्टना लवकर भेटा. व्हॅल्प्रोएट पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत) चरबी जाळण्याच्या क्रियेत अडथळा आणतं. म्हणून त्याच्या विषबाधेत डॉक्टर कार्निटिन (चरबी मायटोकॉन्ड्रियात नेणारं द्रव्य) देतात, व्हिटॅमिन ई नव्हे. उलट्या, सुस्ती, भूक मरणं किंवा कावीळ दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : ग्लुटाथायोनच्या गोळ्या यकृत स्वच्छ करतात का?

ग्लुटाथायोन हे यकृताचं स्वतःचं सर्वांत महत्त्वाचं अँटिऑक्सिडंट. पण गोळीतून घेतलेलं बरंचसं आतड्यातच तुटतं. यकृताला ते बनवायला सिस्टीन हे अमिनो आम्ल लागतं आणि ते पुरवतं एन-अॅसिटिलसिस्टीन. पॅरासिटॅमॉलच्या विषबाधेत हे औषध जीव वाचवतं, विशेषतः पहिल्या ८ तासांत दिलं तर. तिथे हानी चरबीची नसून पेशी मरण्याची असते. घरात कुणी पॅरासिटॅमॉल जास्त घेतलं असेल तर लक्षणांची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी माणूस जवळजवळ ठणठणीत दिसतो, आणि औषधाचा सर्वांत जास्त उपयोग नेमका तेव्हाच होतो.