आउटलूक सारखा पासवर्ड मागतंय, पासवर्ड बरोबर आहे. दुरुस्तीवाला फॉर्मॅट मारू म्हणतो. मारू का?

अजिबात नको. तुमचे मेल कुठे साठतात हे कळेपर्यंत त्याला कॉम्प्युटरला हात लावू देऊ नका.

आमच्याकडे एरर वेगळी होती, पण असाच फॉर्मॅट मारला गेला. आप्पांचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना. व्यापाऱ्यांचा सगळा पत्रव्यवहार घरच्या कॉम्प्युटरवर, आउटलूकमध्ये. एक दिवस 'सर्टिफिकेट पडताळता येत नाही' असं यायला लागलं. सर्टिफिकेट म्हणजे मेल कंपनीच्या कॉम्प्युटरचं (सर्व्हरचं) मुदतीचं ओळखपत्र. मी कामावर. दाजींनी एका पोराला आणलं, त्याने व्हायरस म्हणून तासाभरात फॉर्मॅट मारलं. खातं पॉपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं, आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण केलेली नव्हती. नऊ वर्षांचे मेल एका पीएसटी फाइलमध्ये होते, गेले. आप्पा दोन दिवस जुन्या वह्या काढून उधारीचे आकडे जुळवत बसले.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली आणि एरर पुन्हा हजर! मी कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं, तर 1 जानेवारी 2009. डबा उघडला. मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलवर सुताचा भुगा बसलेला. हा सीआर 2032 सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते. मग आजचं सर्टिफिकेट कॉम्प्युटरच्या हिशेबाने अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो नाकारतो. नवी पेठेतून सेल आणला, तारीख लावली, मेल सुरू.

तुमचं खातं जीमेलचं असेल आणि आउटलूक जुनं, तर कारण वेगळं. 2022 च्या मे अखेरीपासून गूगल अशा प्रोग्रामला नेहमीच्या पासवर्डवर आत घेत नाही. गूगल खात्यात टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक पडताळणी) चालू करा, 16 अक्षरांचा ॲप पासवर्ड काढा, तो टाका.

हां, खातं इमॅपवर असेल तर मेल सर्व्हरवर असतात, फॉर्मॅटने सहसा जात नाहीत. खरंच व्हायरस असेल तर फॉर्मॅट करावंही लागेल, पण आधी आउटलूक बंद करून पीएसटी पेनड्राइव्हवर घ्या. आणि दुरुस्तीवाला काय करणार ते त्याच्याच तोंडून ऐका, मधल्या माणसाकडून नको. दाजी आजही म्हणतात, तुला फोन करून विचारलं होतं. फोन आला होता. 'जरा सर्व्हिसिंग करून घेतो' एवढंच म्हणाले होते, फॉर्मॅटचं नावही काढलं नव्हतं.