पहिल्याच दिवशी रगडून घेऊ नका

ताई, मालिशीने कंबर बरी होईल का, असं तुम्ही विचारलंत. तीन महिन्यांच्या वर दुखतेय म्हणजे ते जुनाट दुखणं झालं. एका मालिशीत ते जाणार नाही. माझं नऊ वर्षांचं आहे. आपलं सांगली तालमींचं गाव, म्हणून मीही आधी पैलवानांना रगडणाऱ्या एकाकडे गेलो. दोन दिवस कूस बदलता येईना! 'जितकं दुखेल तितका गुण' यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

आता आठवड्यातून एकदा, अर्धा तास. कोमट तिळाचं तेल, मणक्यावर नाही, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर, तळहाताने सावकाश. आवळून बसलेले स्नायू सैल होतात, रात्री झोप लागते आणि सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाता येतं. खरा गुण त्या चालण्याचा. मालिशीचा आराम दोन-चार दिवसांत ओसरतो.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा पाय बधिर पडत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकच पोटरी सुजून गरम लागली तर तिला हातही लावू देऊ नका, आत रक्ताची गुठळी असू शकते.

तेल घाण्यावरूनच आणा. सुगंधी बाटलीला दुप्पट पैसे कशाला?