शॉकअप लावून खुर्ची फुटपाथ चढेल का?

प्रश्न : काका, माझे सासरे अर्धांगवायूनंतर दोन वर्षं व्हीलचेअरवर आहेत. वजन ६८ किलो. आम्ही दांडिया बाजारात राहतो, संध्याकाळी मी त्यांना सूरसागरापर्यंत फिरवून आणते. फुटपाथची कड आली किंवा एखादी फरशी जरा वर आलेली असली की पुढची छोटी चाकं अडतात आणि ते पुढे कलंडतात. मुलगा इथल्या कलाभवन इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे. तो म्हणतो, भंगारातून मोपेडचे शॉकअप आणून पुढे बसवतो, मग खुर्ची आपोआप चढेल. करू द्यावं का?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : ताई, मुलाला थांबवा, पण त्याचा उत्साह मोडू नका. हीच चूक मी स्वतः करून बसलोय.

मकरपुऱ्याला जीआयडीसीत टूलरूममध्ये होतो तेव्हाची गोष्ट. थोरल्या भावाला मणक्याला मार लागून खुर्ची आली होती. एका रविवारी शेड उघडून मी तिच्या पुढच्या दोन्ही फोर्कांवर, म्हणजे छोटी चाकं धरणाऱ्या चिमट्यांवर, स्प्रिंगा बसवल्या. बुश स्वतः लेथवर काढलेले. इन्स्पेक्शनवाल्यानेही बोट ठेवलं नसतं. वाड्यासमोरच्या फुटपाथवर पहिली चाचणी घेतली. चाक कडेला टेकलं, मी मागून जोर लावला, आणि चाक वर जायच्या ऐवजी स्प्रिंगच दबली. खुर्चीचं नाक खाली गेलं, फूटरेस्ट दगडावर खणकन आपटला. भाऊ म्हणाला, ‘अरे, ही तर फुटपाथला वाकून नमस्कार करतेय!’ पुढच्या रविवारी सगळं उतरवलं.

स्प्रिंग धक्का गिळते, चाक उचलत नाही. चाक चढतं ते आपल्या त्रिज्येच्या जिवावर. कड त्रिज्येइतकी उंच झाली की आडवं कितीही ढकला, ते भिंतीला ढकलल्यासारखंच. तुमच्या खुर्चीची पुढची चाकं बहुधा ८ इंची असतील, म्हणजे त्रिज्या ४ इंच. आता हिशेब बघा. सासरे ६८ किलो, खुर्ची १८ धरू, एकूण ८६. यातला साधारण ४० टक्के भार, म्हणजे ३४ किलो, पुढच्या चाकांवर असतो. उभ्या खुर्चीला १ इंचाची कड चढवायला सुमारे ३० किलोचा आडवा जोर लागतो. २ इंचाची कड असेल तर ५९ किलोचा! कड दुप्पट, तर जोरही जवळजवळ दुप्पट, आणि पुढे तर तो झपाट्याने वाढत जातो. ४ इंचाला हिशेबच संपतो. त्यात तुम्ही ढकलता वर हँडलला आणि अडथळा असतो खाली पायाशी, त्यामुळे ढकलाल तितका भार आणखी पुढे येतो. सासरे कलंडतात ते यामुळेच. पट्टा बांधल्याशिवाय निघू नका.

मागचं २४ इंची चाक मात्र राजा माणूस. छोटं चाक २ इंचाला आपल्या भाराच्या जितक्या पट जोर मागतं, तितकाच पट मोठं चाक मागतं ६ इंचाला. आणि ६ इंच, म्हणजे १५० मिलिमीटर, ही इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांच्या वाटांसाठी घालून दिलेली कडेची कमाल मर्यादा आहे. म्हणजे नियमात बसणारी कडसुद्धा तुमच्या पुढच्या चाकांना भिंतच.

मोपेडच्या शॉकअपबद्दल आणखी एक. तो अख्ख्या गाडीचं आणि दोन माणसांचं वजन पेलायला केलेला असतो. तुमच्या खुर्चीत एका पुढच्या चाकावर येतात १७ किलो. तो दबणारच नाही; नुसतं लोखंड वाढेल. आणि मऊ स्प्रिंग लावली तर पुढच्या फोर्कचा उभा दांडा तिरका होतो, मग चाक उतारावर फडफडायला लागतं. मागच्या एक्सलला स्प्रिंग लावायचा विचार तर करूच नका. ब्रेकची पट्टी टायरपासून ठरावीक अंतरावर बसवलेली असते. सासरे उठायला लागले की भार कमी होतो, स्प्रिंग उघडते, टायर जागचा हलतो आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेक सैल पडतो. अर्धांगवायूच्या माणसाला पलंगावर घेताना खुर्ची सरकणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको.

मुलगा म्हणेल, मग चांद्रयानाची प्रज्ञान गाडी खाचखळग्यांवरून कशी चालली? चांगला प्रश्न आहे. तिच्यात स्प्रिंग नाहीच. सहा चाकं, आणि ती धरणारे दोन्ही बाजूंचे तुळईसारखे दांडे मध्ये खिळीवर डुलतात. एक चाक वर गेलं तरी बाकीची जमिनीला चिकटून राहतात. नासाच्या सोजर्नर गाडीने १९९७ साली मंगळावर हेच केलं. पण तिथे प्रत्येक चाकाला आपली मोटर, मागची चाकं पुढच्याला दगडावर रेटतात, आणि प्रज्ञानचा वेग सेकंदाला १ सेंटिमीटर. त्या वेगाने तुम्ही सूरसागराला पोचाल तोवर सेव-उसळवाला गाशा गुंडाळून घरी गेलेला असेल. सहा चाकांच्या मोटरच्या खुर्च्यांत याच तत्त्वाचा चुलतभाऊ असतो: मधल्या चाकाची मोटर आणि पुढचं छोटं चाक एका दांड्यावर जोडलेलं, मोटरने जोर लावला की पुढचं चाक हलकं होतं. हाताने ढकलायच्या खुर्चीत तो जोर कुठून आणणार?

बरं, तुमची घडीची खुर्ची अगदीच बिनसस्पेन्शनची नाही. सीटखाली एकमेकांना छेदणाऱ्या पाइपांची जी कैची असते, तिच्यामुळे चौकट थोडी पिळते, आणि चारही चाकं बऱ्यापैकी जमिनीला टेकलेली राहतात. म्हणून कैचीच्या बोल्टाला मर्यादेपेक्षा जास्त आवळू नका. शेजारचे हौशी लोक तेच आधी करतात.

आता मुलाला खरं काम देतो. फूटरेस्टच्या पुढे एकच १२ इंची चाक, चौकटीच्या पुढच्या दोन उभ्या पाइपांना क्लॅम्प करायचं, असं की छोटी चाकं जमिनीपासून इंचभर उचललेली राहतील. फूटरेस्टला क्लॅम्प करू नको म्हणावं, तो निघणारा भाग असतो, खेळतो. मागच्या एक्सलपासून छोटं चाक १६ इंचांवर होतं, हे नवीन ३० इंचांवर जाईल, म्हणजे पुढचा भार ३४ वरून १८ किलोवर येईल. २ इंचाच्या कडेला ५९ ऐवजी सुमारे २० किलोत पुढचं चाक वर. उरलेला भार गेला कुठे? मागे. मोठी चाकं कडेला टेकली की ४५ किलो मागतील. पण तिथे हँडल तुमच्या हातात असतं, ढकलता ढकलता वर उचलता येतं. पुढे अडकलेली खुर्ची तशी उचलता येत नाही. वळायला जागा जास्त लागेल, म्हणून घरात शिरण्याआधी ते चाक चटकन काढता आलं पाहिजे. पुढे मोटरचं चाक जोडून खुर्चीची तीनचाकी करणारं नियोबोल्ट आयआयटी मद्रासमधून आलं आहे. मुलाने ते एकदा नीट बघावं, जोड कशी दिली आहे ते शिकण्यासारखं आहे.

चाक तयार होईपर्यंत एक बिनपैशाची गोष्ट. खुर्चीच्या मागे, जमिनीजवळ, रबराची टोपणं घातलेले दोन आखूड पाइप निघालेले दिसतील. बहुतेक घरांत त्यांचा उपयोग पिशवी अडकवायला होतो. ते पाय ठेवण्यासाठी आहेत. कडेजवळ थांबा, एका पायाने तो पाइप दाबा आणि हँडल आपल्याकडे ओढा. पुढची चाकं अलगद वर येतील. ती कडेवर ठेवा, मग मोठी चाकं कडेला भिडेपर्यंत पुढे जा आणि उचलून ढकला. वाड्यात आधी कोटा फरशीचे दोन तुकडे एकावर एक ठेवून सराव करा, आणि तेव्हा खुर्चीत सासरे नकोत, मुलाला बसवा. त्यालाही कळू दे.

स्प्रिंगचं काम आहे, पण ते धक्के कमी करायचं. पेव्हर ब्लॉकवरून सासऱ्यांची पाठ दुखत असेल तर चांगली गादी आणि पुढे जरा रुंद, हवेची चाकं बसवा. शॉकअपपेक्षा स्वस्त पडतील.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. आईला खुर्चीतून खाली नेताना ती परवा पुढे घसरली. उतारासाठी पाट ठेवावा का?
– एक वाचक, मांजलपूर

उत्तर : दोन पायऱ्या म्हणजे १२ इंच धरू. १ इंच उंचीला १२ इंच लांबी, या उताराने फळी हवी १२ फूट. तुमच्या दाराशी तेवढी जागा असेल तर करा. आखूड पाट ठेवलात तर ती घसरगुंडीच. तोवर खुर्ची उलटी फिरवा. तुम्ही आधी खाली उतरा, आईची पाठ तुमच्याकडे, मोठी चाकं एकेक पायरी टेकवत सावकाश खाली घ्या, आणि दुसरं माणूस वरून चौकट धरून राहू दे. चौकट म्हणतोय, हात टेकायचे दांडे नव्हे. बऱ्याच खुर्च्यांत ते वर ओढले की निघून हातात येतात.