अमेरिकेत कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांना सरकारी शाळेत फुकट शिकता येतं का?

हो, बारावीपर्यंत येतं. मुलाकडे कागदपत्रं नाहीत म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा करून अशा मुलांपुरता शाळांचा सरकारी निधी बंद केला. मग टायलर शहरातल्या शाळांनी वर्षाला १,००० डॉलर फी लावली. मजुराने ती आणायची कुठून? १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द केला. आईबापांनी सीमा ओलांडली, त्याची शिक्षा पोरांना का, हा त्यातला गाभा. पैसे वाचवायचा मुद्दा टेक्सासने मांडला होता, पण टिकला नाही. मात्र हा निकाल शाळेपुरताच: फूड स्टॅम्प (गरिबांना अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत) अशांना मिळत नाहीत, आणि कॉलेजच्या फीचे नियम राज्यागणिक वेगळे.