जुन्या हेडला स्पीकर कुठला लावू? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

ह्या महिन्यात गिटार ॲम्पचेच तीन प्रश्न आलेत, म्हणून कीबोर्ड आणि मायकचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, पण त्यात चूक झाली तर पन्नास वर्षं टिकलेली वस्तू एका संध्याकाळी जाईल, त्यामुळं आखडतं घेतलं नाही. (हेड म्हणजे स्पीकर नसलेला नुसता ॲम्पचा डबा, कॅबिनेट म्हणजे स्पीकरचा डबा.)

प्रश्न : सर, काका बोटीवर नोकरीला होते, त्यांनी इंग्लंडहून आणलेलं मार्शलचं 50 वॉटचं हेड मला मिळालंय, सत्तरच्या दशकातलं, मॉडेल 1987. नुसतं हेडच आहे, कॅबिनेट नाही. ओळखीचा एक डीजेवाला म्हणायलाय की 12 इंची 400 वॉटचा स्पीकर डब्यासकट देतो, कशाला एवढे पैसे घालायलास. यूट्यूबवर कोण ग्रीनबॅक स्पीकर म्हणतं, कोण व्हिन्टेज 30 म्हणतं, डोकं चालेना झालंय. आम्ही ब्लूज आणि जुनं रॉक वाजवतो, मित्राच्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, कधीमधी कॉलेजच्या गॅदरिंगला. काय घेऊ सांगा की.
— एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : आधी एक सांगा, हेड अजून चालू करून बघितलं नाही ना? बघितलं नसेल तर बरंच झालं, आता स्पीकर जोडल्याशिवाय ते चालू करूच नका, "नुसता लाईट लागतोय का बघू" म्हणूनसुद्धा नको. ट्रान्झिस्टरचा ॲम्प स्पीकरशिवाय चालू राहिला तर सहसा काही होत नाही, व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचं तसं नाही. ह्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, व्हॉल्व्हमधून येणारी ताकद तो स्पीकरकडं पोचवतो, आणि पलीकडं स्पीकरच नसेल अन कोणी गिटारची एक तार जरी जोरात छेडली तरी ती ताकद उलटी फिरते, ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या वायंडिंगवर) प्रचंड व्होल्टेज चढतं, आणि मग व्हॉल्व्हच्या बेसमध्ये ठिणगी पडते नाहीतर ट्रान्सफॉर्मरचं वायंडिंगच जळतं. व्हॉल्व्ह बदलता येतात, पण तो मूळचा ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही.

दुसरं, इतकी वर्षं पडून असलेल्या हेडमधले फिल्टर कपॅसिटर बहुतेक सुकलेले असणार. ते आणि व्हॉल्व्हचा बायस (त्यातून किती करंट वाहतो ती सेटिंग) तपासून घ्या, ज्यानं व्हॉल्व्हचे रेडिओ आणि जुने सिनेमा ॲम्प्लिफायर उघडलेत अशाच माणसाकडून. स्वतः उघडू नका, आत 400 व्होल्टच्या वर असतं आणि पिन काढल्यावरही काही वेळ साठून राहतं. मागच्या बाजूचा व्होल्टेज सिलेक्टर 110 किंवा 120 वर राहिलेला नाही हेही त्याला बघायला सांगा, बोटीवरच्या माणसांच्या सामानात असं सापडतं.

आता डीजेवाल्याचा स्पीकर. तो माणूस तुम्हाला फसवत नाहीये, त्याच्या दृष्टीनं तो बरोबरच बोलतोय, कारण त्याच्या कामात जास्त वॉट म्हणजे चांगला स्पीकर. गड्ड्याच्या जत्रेत नाहीतर मिरवणुकीत त्याला आलेला आवाज जसाच्या तसा मोठा करायचा असतो. गिटारचा स्पीकर ते काम करतच नाही. त्याचा कोन (पुढचा हलणारा पडदा) कागदाचा आणि पातळ असतो, जोर लागला की तो स्वतःच थोडा वाकतो, थरथरतो, आणि त्यातूनच तो मधला खरखरीत गोडवा येतो जो आपण रेकॉर्डवर ऐकतो. शिवाय साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं तो आपोआप कापून टाकतो, आणि ओव्हरड्राइव्ह झालेल्या (जोरानं आवाज फाटलेल्या) गिटारमध्ये त्याच्या वर जे काही असतं ते कानाला बोचणारंच असतं. डीजेच्या 400 वॉटच्या वूफरचा कोन जाड, कॉइल जड, 50 वॉटनं तो धड हलतही नाही, नुसता लावला तर आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो, आणि डब्यात ट्वीटर असेल तर वरून माशा घोंगावतात. तुमच्या हेडला इजा होणार नाही (ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, जुळला तर), पण त्या हेडमध्ये काय आहे हे तुम्हाला कधी कळणारच नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटेल.

मग कुठला? ग्रीनबॅक की व्हिन्टेज 30, हे भांडण आवाजाचं आहे, पण त्याच्या आधी गणित करून घ्या. 50 वॉटचं जुनं मार्शल व्हॉल्यूम पूर्ण फिरवल्यावर 50 वर थांबत नाही, 70 च्या आसपास सहज जातं. ह्या मॉडेलला मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा आवाज वेगळा कमी करणारा नॉब) नाही, म्हणजे खरा आवाज हवा तर तुम्ही फिरवणारच. सेलेस्टियन कंपनीचा ग्रीनबॅक 25 वॉटचा, दोन लावले की 50, म्हणजे कमी पडले, कॉइल जळण्याची भीती कायम. चार लावले तर 100, मग काळजी नाही, मार्शलच्या जुन्या 4×12 मध्ये (12 इंची चार स्पीकरच्या डब्यात) चार ग्रीनबॅक असायचे त्याचं कारण हेच. पण भरलेलं 4×12 म्हणजे अडीच फुटाचा चौकोनी डबा, 35 किलोच्या वर, दोन माणसं आणि टेम्पो लागतो, आणि तुम्ही कॉलेजच्या जिन्यावरून ते चढवणार का हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर 2×12 करा.

2×12 साठी सेलेस्टियनचाच क्रीमबॅक जी12एम-65 बघा, एकेक 65 वॉट, दोनाचे 130. आवाजाची जात ग्रीनबॅकचीच, मध्यम सूर पुढं, खालचा सूर मऊ, पण जोर सोसतो. व्हिन्टेज 30 चा वरचा मध्यम सूर टोकदार आहे, भरलेल्या बँडमधून तो कापून पुढं येतो म्हणून मेटलवाल्यांना आवडतो, पण तुमचं हेड आधीच उजळ आहे आणि वर पत्र्याची शेड, तिथं तो तासाभरात कान दुखवेल. तो 1986 चा आहे, म्हणजे तुमच्या हेडच्या काळात नव्हताच, अर्थात त्यानं काही बिघडत नाही, आवडला तर लावा, 60 वॉटचे दोन म्हणजे 120 पुरतात.

अजून एक आकडा असतो ज्याकडं दुकानात कोणी बघत नाही, सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो. क्रीमबॅक एम-65 चा 97 डेसिबल, व्हिन्टेज 30 चा 100. तीन डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पची ताकद निम्मी केल्यासारखं, हेड तेच, फिरवलेलं तेवढंच. शेजारी तक्रार करत असतील तर कमी आकड्याचा स्पीकर हा स्वस्तातला उपाय आहे. दोन वेगवेगळे स्पीकर मिसळायचे असतील (बरेचजण करतात, छान लागतं) तर दोघांचा हा आकडा जवळजवळ सारखा बघा, नाहीतर एकच ऐकू येतो. दोघांचा ओहम सारखा हवा, आणि वॉट मोजताना कमी वॉटवाल्याची दुप्पट धरा, बेरीज नको.

ओहमचं. हेडच्या मागे 4, 8, 16 असा सिलेक्टर आहे, कॅबिनेट जेवढ्याचं तेवढ्यावर तो ठेवायचा, बस. 16 ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले की 8 होतात, 8 चे दोन पॅरलल जोडले की 4, सिरीजमध्ये जोडले की 16. दुकानात 8 चाच मिळाला तरी अडत नाही, तुमच्या हेडला तिन्ही चालतात. जुना स्पीकर घेताना लेबल गेलेलं असेल तर मल्टिमीटर लावा, 8 ओहमचा स्पीकर 6 ते 7 दाखवतो, 16 चा 12-13, 4 चा 3 च्या थोडं वर. सिलेक्टर 4 वर आणि कॅबिनेट 16 चं असं कधी चालवू नका, जुन्या मार्शलला ते मानवत नाही. आणि सिलेक्टर फिरवायचा तो हेड बंद करूनच.

हेड ते कॅबिनेट गिटारची केबल लावू नका, आतली तार बारीक असते, गरम होते, आणि वाजवता वाजवता तुटली की पुन्हा तेच, स्पीकरशिवाय चालणारा ॲम्प. दीड स्क्वेअर एमएमची दोन तारांची वायर आणि दोन टोकांना चांगले जॅक, आपल्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात होतं. आत पॅरलल जोडताना दोन्ही स्पीकरचे प्लस एकत्र, मायनस एकत्र. खात्री करायची तर 9 व्होल्टची बॅटरी क्षणभर कॅबिनेटच्या जॅकला लावून बघा, दोन्ही कोन एकाच दिशेनं हलले पाहिजेत. एक आत आणि एक बाहेर गेला तर खालचा सूर गायब होतो आणि माणूस उगाच स्पीकरला दोष देत बसतो.

प्रश्न : नमस्कार, आमच्या चर्चच्या गायनमंडळाला अमेरिकेतून एकांनी फेंडर बासमनचं जुनं हेड भेट दिलंय, साठच्या दशकातलं. पिन दोनच आहेत, वर 117 व्होल्ट लिहिलंय. लहान हॉल आहे, शहाबादी फरशी. गिटारसाठी वापरायचं आहे. स्पीकर कुठला आणि अजून काय लागेल?
— सोलापूर

उत्तर : सगळ्यात आधी पिन. ती दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थसकट तीन पिनी करून घ्या आणि ग्राउंड स्विचला जोडलेला तो एक कपॅसिटर काढायला सांगा. गाणाऱ्याच्या ओठाला मायक आणि वाजवणाऱ्याच्या हातात गिटार, त्यात हेडला अर्थ नाही, ह्यात जीवाचा धोका आहे. थेट आपल्या 230 च्या प्लगमध्ये तर अजिबात लावू नका. स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल, 500 व्हीए घ्या म्हणजे तो तापणार नाही. आपल्याकडं बहुतेक 230 ते 110 असा मिळतो आणि तो 117 पेक्षा थोडा कमी आहे हे उलट बरंच आहे, कारण अमेरिकेतल्या 60 हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या 50 हर्ट्झवर जास्त तापतो, आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला मी काय सांगणार.

हे हेड बहुतेक 4 ओहमचं असतं, सिलेक्टर नसतो. 8 ओहमचे दोन 12 इंची पॅरलल, झाले 4. मागे दोन जॅक असतील, कॅबिनेट पहिल्यातच लावा, एक्स्टर्नल लिहिलेल्यात एकटं लावू नका, कारण पहिल्यात काही नसेल तर तो जॅक आउटपुट शॉर्ट करून ठेवतो. स्पीकर जेन्सन कंपनीच्या जातीचा, स्वच्छ वाजणारा, शोधा, किंवा एमिनन्सचा टेक्सास हीट चालेल, 150 वॉटचा आहे. भजनाला स्वच्छ सूर लागतो, तिथं क्रीमबॅकची गरज नाही.

शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती असल्या की खालचा सूर घुमतो. म्हणून कॅबिनेट मागून उघडं घ्या आणि जमिनीवर न ठेवता मजबूत स्टुलावर ठेवा, भिंतीपासून दीड-दोन फूट पुढं. मागून उघड्या डब्याचा आवाज पसरतो, लहान हॉलमध्ये सगळ्यांना सारखा ऐकू जातो. बंद डब्याचा आवाज समोर झोतासारखा जातो, पहिल्या बाकावरच्यांना जास्त आणि वाजवणाऱ्याला कमी.

प्रश्न : दादा, तयार कॅबिनेट परवडत नाही, आमचा सुतार करून देतो म्हणतोय. कुठला प्लाय, किती मापाचं, आणि पुढं कापड म्हणून सोलापुरी चादर लावली तर? दिसायला एक नंबर दिसेल.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : करा, खुशाल करा, चांगला सुतार हे आपल्याकडचं मोठं बळ आहे. 18 मिमीचा प्लाय, बर्च मिळाला तर उत्तम, नाहीतर आत पोकळ्या नसलेला चांगला मरीन प्लाय. पार्टिकल बोर्ड नको, स्क्रू धरत नाही आणि एका पावसाळ्यात फुगतं. 2×12 ला अडीच फूट रुंद, 20 इंच उंच, फूटभर खोल हे माप पुरतं. कोपरे फिंगर जॉइंट करून फेविकॉलनं चिकटवायला सांगा, नुसत्या खिळ्यांवर नको, सैल डबा एका ठरावीक सुराला खडखडतो आणि तो आवाज शोधता शोधता जीव जातो. स्पीकरचं भोक साधारण 28 सेंटिमीटर, पण स्पीकर हातात आल्याशिवाय करवत लावू देऊ नका. बोल्टला टी नट (लाकडात ठोकून बसवायचे नट) वापरा म्हणजे स्पीकर बदलताना लाकूड खराब होत नाही. मागची फळी तीन तुकड्यांत करा, मधली स्क्रूनं काढता येईल अशी, मग बंद आणि उघडा दोन्ही आवाज एकाच डब्यात मिळतात, अक्कलकोट रोडच्या वाचकांनीही हेच करावं. बाहेरून रेक्झिन.

चादरीचा विचार मनापासून आवडला, पण पुढं नको. जकार्डची चादर दाट विणलेली आणि जाड, वरचे सूर तीच खाऊन टाकते. पुढच्या कापडाची परीक्षा सोपी आहे, तोंडाशी धरून फुंका, पलीकडं हाताला वारा लागला तर चालतं. चादर लावायचीच असेल तर कॅबिनेटच्या मागच्या भिंतीवर टांगा, सुरकुत्या ठेवून. पत्र्याच्या शेडमध्ये आणि फरशीच्या हॉलमध्ये तिथं तिचा खरोखर उपयोग होतो, दोन टांगा, जुन्या असल्या तरी चालतील.