हळदीचा ठसा आणि ‘सांगता येत नाही’

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

एम.एस्सी.च्या अकरा जणांचे प्रोजेक्ट तुझ्याकडे आले, आणि त्यातल्या चौघांनी ‘घरगुती पावडरींनी बोटांचे ठसे उमटवणे’ हाच विषय मागितला, म्हणून तू वैतागली आहेस. त्यांना हो म्हण. काचपट्ट्या कपाटात असतात, हळद स्वयंपाकघरात असते, ठसे द्यायला अख्खा वर्ग असतो. महागडं उपकरण नसलेल्या कॉलेजात संशोधन शिकवायला याहून सोयीचा विषय मला तरी मिळालेला नाही. फक्त तो आजवर जसा केला जातो तसा करू देऊ नकोस.

कसा केला जातो हे तुला ठाऊक आहे, तूही तसाच केला होतास. मैत्रिणीनं कपाळावरून बोट फिरवायचं, स्वच्छ काचेवर दाबायचं, लगेच हळद भुरभुरवायची, ब्रश फिरवायचा, फोटो काढायचा आणि निष्कर्षात ‘उत्तम परिणाम’ लिहायचं. मार्गदर्शक म्हणून मी त्याखाली सही केली. ती चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते. त्या प्रयोगात हळद हरण्याची सोयच आपण ठेवली नव्हती. बोटांच्या टोकांच्या कातडीत तेलग्रंथी नसतात, तिथे फक्त घामाची छिद्रं असतात. तेल येतं ते चेहऱ्याला, केसांना हात लागल्यावर. म्हणजे कपाळाचं तेल हाच त्या प्रयोगातला सगळ्यात मोठा घटक होता आणि आपल्या वहीत त्याची एका ओळीचीही नोंद नव्हती.

आता असं करवून घे. दोन काचपट्ट्या कडेला कड लावून खालून चिकटपट्टीनं जोडायच्या आणि बरोबर जोडावर बोट दाबायचं. मग पट्ट्या सोडवून एका अर्ध्यावर नेहमीची काळी पावडर, दुसऱ्यावर हळद. बोट एक, दाब एक, वेळ एक, त्यामुळे तुलना खरी होते. तेच बोट मध्ये कशालाही न लावता लागोपाठ दहा वेळा दाबायला सांग. दर वेळी काचेवर कमी ऐवज उतरतो आणि कितव्या ठशाला हळद साथ सोडते ते डोळ्यांना दिसतं. ठसे फक्त मैत्रिणींचे नकोत. शिपाईमामांचे घे, कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या मावशींचे घे, ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात अशांचे मुद्दाम घे. काही ठसे आठवडाभर, काही महिनाभर ठेवून मग उमटवा. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या खोलीतला ठसा आणि जुलैच्या ओलीतला ठसा सारखाच वागतो का, हेही तुमच्याच इमारतीत तपासता येईल. मात्र प्रत्येकाची लेखी संमती घ्या आणि काम संपल्यावर ठसे नष्ट करा. त्याच बोटावर लोकांचं रेशन आणि आधार चालतं.

गुण देण्याचं काम पावडर लावणाऱ्याकडे ठेवू नकोस. फोटो कृष्णधवल करा, गरज असेल तिथे रंग उलटवा, नाहीतर पिवळेपणावरूनच हळद ओळखू येईल. मग आकडे टाकून, क्रम पिसून, दुसऱ्या गटाकडे द्या आणि 0 ते 4 अशा श्रेणीत गुण देऊ दे. कंटाळवाणं आहे. पण माणसाचा डोळा त्याच्या अपेक्षेमागे जातो, आणि हे मुलांना भाषणातून पटत नाही.

ते पटवायला मी ब्रँडन मेफील्डची गोष्ट सांगत असे. 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटरांच्या प्लॅस्टिक पिशवीवर एक ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयनं संगणकात शोधून तो ओरेगनच्या या वकिलाचा ठरवला. तीन तज्ज्ञांनी तसं म्हटलं, कोर्टानं नेमलेल्या चौथ्यानंही तेच म्हटलं. स्पॅनिश पोलिसांनी मात्र एप्रिलमध्येच नाही म्हणून कळवलं होतं. मेफील्ड मे महिन्यात दोन आठवडे कोठडीत होता आणि शेवटी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. पुढच्या चौकशीत जे आढळलं ते वर्गात सावकाश समजावून सांग: काही खुणा जुळल्यावर तज्ज्ञ मेफील्डच्या स्वच्छ ठशात पाहून अस्पष्ट ठशात त्याच खुणा ‘शोधू’ लागले होते. उत्तराकडून प्रश्नाकडे वाचन.

2006 साली माणसाच्या आकलनाचा अभ्यास करणारे संशोधक इटियल ड्रॉर आणि सहकाऱ्यांनी पाच अनुभवी तज्ज्ञांना, त्यांनीच काही वर्षांपूर्वी ‘जुळतात’ म्हटलेले ठसे दाखवले. सांगितलं मात्र असं, की ही ती एफबीआयची चुकलेली जोडी. पाचांपैकी चौघांनी स्वतःचाच निर्णय बदलला. तिघे म्हणाले जुळत नाहीत, एक म्हणाला ठरवता येत नाही. ठसे तेच, माणसं तीच. हे सांगून झालं की वर्गात थोडा वेळ कुणी बोलत नाही. लगेच पुढच्या मुद्द्याकडे वळू नकोस.

म्हणूनच माझा आग्रह आहे: ज्या मुलाचा निष्कर्ष ‘या आधारावर सांगता येत नाही’ असा येईल आणि कारणं वहीत नीट असतील, त्याला पूर्ण गुण दे. बाहेरून येणारे परीक्षक कुरकुर करतात, व्हायवात ‘मग निष्पन्न काय झालं?’ असं विचारतात. तू मुलाच्या बाजूनं उभी राहा. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जायलाच हवं, असं तिच्या कलम 176(3) मध्ये आहे. त्याची व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षं दिली आहेत. तिथे जाणारी माणसं तुझ्या वर्गातून निघतील. उलटतपासणीत वकील ‘हो की नाही एवढंच सांगा’ म्हणून रेटतो, तेव्हा ‘सांगता येत नाही’ म्हणायचं बळ एका दिवसात येत नसतं. पिंजऱ्याबाहेर कुणाची तरी जन्मठेप उभी असते, गं.

एक लहानशी गोष्ट राहिली. ठशांच्या ज्या वर्गीकरणाला जग हेन्रीचं म्हणतं, त्याची 1024 खणांची मांडणी कलकत्त्यात अझीझुल हक या पोलीस उपनिरीक्षकानं बसवली. हेमचंद्र बोस त्याच्यासोबत होते. नाव मात्र राहिलं ते त्यांच्या वरिष्ठाचं, एडवर्ड हेन्रीचं. तुझ्या मुलांचं काम कुठे छापून आलं तर पहिलं नाव त्यांचं असू दे.

खाडाखोड झालेल्या वह्या पुन्हा सुवाच्य लिहून काढायला लावू नकोस. एक रेघ मारून शेजारी सही आणि तारीख, बस. डिसेंबरात मी तिकडे येईन तेव्हा मला त्या कच्च्या वह्या पाहायच्या आहेत. बांधलेले रिपोर्ट नंतर बघू.

तुझी,
मॅडम